सिग्नलची वीज वेगळी

दादा,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पावसानं जरा उघडीप दिली होती. सावित्रीच्या काठावर पिंड ठेवला, भटजी मागे सरले आणि पलीकडच्या झाडावरून एक कावळा उतरला तो थेट पिंडावरच. बापूकाका म्हणाले, "सुधाकर तृप्त गेला हो. काही इच्छा मागे राहिली नाही त्याची." सगळ्यांनी माना डोलावल्या.

बायकांनी घाटावर जायचं नाही अशी आपल्याकडची रीत. तरी मी गेले होते. का गेले होते ते तुला सांगते. कावळ्यानं शिवू नये म्हणून गेले होते. त्यानं लांब बसून राहावं. लोकांनी एकेक शब्द देऊन बघावा, दुकान चालवू, वहिनीला अंतर देणार नाही, मंडळाचा गणपती बंद पडू देणार नाही. आणि तरी त्यानं हलू नये. मग शेवटी कंटाळून कोणीतरी म्हणावं, "अरे, नलूचं काही राहिलंय का याच्या मनात?" एवढं एक वाक्य ऐकायला मी चिखलात उभी होते.

तुझ्या मनात काहीच राहिलं नव्हतं. माझ्या मनात राहिलंय, त्याचं काय करू?

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं मला सध्या सगळे सांगतात. म्हणून आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलताना उपकार विसरल्याचा आळ माझ्यावर नको.

दहावीनंतर मला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करायचा होता. बाबा म्हणाले, शिवणकाम शीक. आई पोळ्या लाटत राहिली. तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालास, "शिवण शिकली तर गल्लीतल्या बायका येतील. रेडिओ शिकली तर अख्खं महाड दारात येईल." बाबा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तू मला सायकलवर डबलसीट बसवून प्रवेश घ्यायला नेलंस. वर्गात मी एकटी मुलगी. पहिली सोल्डरगन तू आणून दिलीस. तिनं माझा अंगठा भाजला तेव्हा खोबरेल लावता लावता म्हणालास, "झालीस कारागीर."

हे मी विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. राग एवढी वर्षं टिकला नसता.

त्याच सुमाराला वीर-दासगावकडे डोंगर फोडायचं काम सुरू झालं होतं. रेल्वे येणार, रेल्वे येणार, दुसरा विषय नव्हता. सुट्टीच्या दिवशी तू सायकल घेऊन तिकडे जायचास आणि लाल मातीनं माखून परत यायचास. मस्कतच्या आतेभावानं तुझ्यासाठी खेळण्यातली गाडी आणली ती तेव्हाच. खेळण्यातली म्हटलं की तुला राग यायचा. काळं इंजिन, चार डबे, अंड्याच्या आकारात जोडायचे रूळ, आणि गाडी हळू किंवा जोरात करायला एक हातात मावेल एवढा कंट्रोलर. खाली पाटी-पुस्तकांचं दुकान, आणि पुराचं पाणी कधी दुकानात शिरेल याचा नेम नाही, म्हणून तू माडीवर दोन मोठ्या फळ्या टाकल्यास. तिथे डोंगर उभे राहिले, बोगदा झाला, सावित्रीवर पूल झाला. खऱ्या स्टेशनचा अजून पाया पडला नव्हता आणि आपल्या माडीवर वीर स्टेशनचं छप्पर झालं होतं.

आपलं पहिलं भांडण त्या स्टेशनावरचं. तू सिग्नलचे बारके दिवे, स्टेशनातले दिवे, फाटकाची मोटर, सगळं रुळाच्याच तारांना जोडून टाकलंस. मी क्लासवरून आले तर तू हरखून दाखवत होतास.

"दादा, गाडी थांबली की सिग्नल विझतोय."

"थांबल्यावर सिग्नल कशाला पाहिजे?"

"अरे, सिग्नल लाल असतो म्हणून गाडी थांबते. तुझ्याकडे गाडी थांबते म्हणून सिग्नल मरतो."

"एवढ्याशा दिव्यांना वेगळी वीज? एका घरात दोन चुली मांडायच्या?"

मग मी तुला समजावून सांगितलं. गाडी हळू करायची म्हणजे रुळातली वीज कमी करायची. ती कमी-जास्त होणारच, तीच तर गाडीची चाल. पण दिव्यांना आणि फाटकाला सदानकदा एकसारखी वीज लागते. आणि सांध्याचं तिसरंच. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायला सांधा सरकवायचा तर क्षणभर एकदम जोराचा झटका लागतो. तो गाडीच्या विजेतून घेतलास की गाडी उचकी लागल्यासारखी अडखळते. तू ऐकून घेतलंस, पण हरल्यासारखा. "कर मग तुझी वेगळी चूल," म्हणालास.

मी केली. मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या सरांकडून ट्रान्सफॉर्मर मागवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो बसवला. त्यापुढे चार डायोड, मोठा कपॅसिटर, आणि वीज एका मापात ठेवणारी चिप. महाडच्या विजेचं तुला ठाऊकच आहे, संध्याकाळी दिवे पिवळे पडायचे, कधी एकदम डोळे दिपायचे. बाहेर काहीही होवो, माझ्या डब्यातून बाहेर येणारी वीज जागची हलायची नाही. सांध्यासाठी वेगळा मोठा कपॅसिटर बसवला. तो गपचूप भरत राहायचा आणि बटण दाबलं की सगळं एका दमात ओतून मोकळा व्हायचा. कोणी बटणावर बोट ठेवून बसलं तरी सांध्याची कॉइल जळायची नाही.

ती पहिल्यांदा चालवली ती संध्याकाळ मला अजून दिसते. तू गाडी स्टेशनात आणून उभी केलीस. गाडी थांबली आणि सिग्नल लाल राहिला. स्टेशन उजळलेलं, फाटक पडलेलं, सांधा खट्कन सरकला. तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस. आई हळदकुंकू घेऊन वर आली. तिनं इंजिनाला बोट टेकवलं, जरा थांबली, आणि माझ्या पेटीलाही कुंकू लावलं.

त्या वर्षी गल्लीतल्या मंडळानं गणपतीला आपला रेल्वेचा देखावा केला. काय गर्दी लोटली होती! पोलादपूरहून, उमरठहून माणसं यष्टीनं यायची. ज्यांची पोरं मुंबईत, अशा वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या फळीच्या कडेला हात टेकून तासन् तास बघत बसायच्या. एकीनं मला विचारलं होतं, "ही गाडी हाय ती आमच्या पोराला घरी आनंल काय गो?" मी म्हटलं, आणील. तिनं पदरातला एक पेरू काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या कामाचं पहिलं बक्षीस तेच. आणि दादा, पुढची पुष्कळ वर्षं शेवटचंही तेच.

कारण देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले तेव्हा मी पडद्यामागे पेटीजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, "विजेचं काम फार सफाईचं आहे. कोणी केलं?" आणि मला तुझा आवाज ऐकू आला. जराही न अडखळता.

"मुंबईचे एक मित्र आहेत आमचे. इंजिनियर."

मी पडद्यामागे बसले होते, दादा. हातभर अंतरावर.

देखावा आवरल्यावर मी तुला जिन्यात गाठलं. तू म्हणालास, "रविवारी तुला बघायला येणार आहेत. मुलगी तारा जोडते, डायोड लावते असं गावभर झालं तर कोण उंबरा चढेल? तुझ्याच भल्यासाठी बोललो."

"मग बहिणीनं केलं असं नको सांगूस, पण स्वतःचं नाव तरी सांगायचंस. खोटा इंजिनियर कशाला?"

"सुचलं ते बोललो. एवढं काय त्यात?"

त्या रविवारी आले ते पोलादपूरजवळच्या कापड्याचे, भाताच्या गिरणीवाले. पोह्यांची बशी हातात घेऊन मुलानं मला विचारलं, "गणपतीत ती रेल्वे बघितली मी. दिव्यांचं काम कोनी केलं?" तू दारात उभा होतास. मी तुझ्याकडे बघून म्हटलं, "मी." तुझा चेहरा उतरला. त्यानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मंग आमच्या गिरनीची मोटर दर पावसाळ्यात जळते, ती कशानं?" मी कारण सांगितलं. लग्न तिथेच ठरलं. तुझं ते 'तुझ्या भल्यासाठी' पोह्यांच्या बशीत खोटं पडलं, आणि तू त्यावर आयुष्यात कधी एक शब्द बोलला नाहीस. मी वाट बघत होते. मुहूर्ताच्या गडबडीत बोलशील, पाठवणीला बोलशील. पाठवणीला तू रडलास. रडणं मला नको होतं.

तरी मी पेटी तुझ्याकडेच ठेवून गेले. हे लक्षात घे. लग्नानंतर पुढच्या गणपतीलाही मी माहेरपणाला आले ते पिशवीत जादा फ्यूज घेऊनच आले. मला वाटलं होतं, आता तर माझं लग्न झालं, आता लपवायचं कारणच उरलं नाही.

आणि तू त्या गृहस्थाला घेऊन आलास. खरोखरीचा मुंबईचा मित्र. दाढीवाला, सफारी घातलेला. त्यानं म्हणे तुला एकदा वायरचं एक भेंडोळं आणून दिलं होतं. मंडळानं स्टेज बांधलं होतं, पाहुणे बोलावले होते. मी नवऱ्याशेजारी खुर्चीत नाही, मागे बायकांमध्ये सतरंजीवर बसले होते. माईकवर तू बोललास, छान बोललास, तुला बोलता यायचंच. आणि मग त्या माणसाला शाल आणि नारळ. "ज्यांच्यामुळे हे दिवे पेटले," असं म्हणालास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं शाल घेतली, दादा. त्याला लाज वाटली नाही, त्याचं मला काही नाही. तो परका. तुझा हात कसा कापला नाही?

मी उठले. सतरंजीवरून, बायकांच्या मधून, स्टेजच्या बाजूनं थेट फळीजवळ. तुला कळलं मी काय करणार ते. तू म्हणालास, "नले, नको." हळूच म्हणालास, पण माईक हातात होता, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"काय नको? मुंबईच्या इंजिनियरांना सांग. दुसरी करून देतील."

प्लग काढला, तारा सोडवल्या, पेटी पदराखाली घेतली आणि चालू लागले. मागे वळून बघितलं तेव्हा स्टेशन काळोखात होतं. फाटक अर्ध्यात लटकलेलं. तुझी गाडी तेवढी कंट्रोलरवर गोल गोल फिरत होती, आणि पुढे बसलेली पोरं ओरडत होती, "दिवे गेले, दिवे गेले!" पोलादपूरच्या यष्टीत बसले तेव्हा पेटी मांडीवर अजून कोमट होती.

मला आनंद झाला. खोटं का बोलू? पोलादपूर येईपर्यंत मी हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "डब्यात काय हाय, लाडू?"

त्यानंतर आपलं बोलणं थांबलं. पोलादपूरच्या बाजारात मी दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, पुढे पुढे मोबाइलचे चार्जर. तुझी खबर मला गिऱ्हाइकांकडून मिळायची आणि मी ती चवीनं ऐकायचे. तू दिवे परत रुळाला जोडलेस. उमरठचा एक म्हातारा रेडिओ घेऊन आला होता, म्हणाला, "ताई, तुज्या दादाची गाडी टेसनात उभी ऱ्हायली का टेसनात काळोख होतो बघ. माणसांनी उतरायचं कसं?" मी त्याचा रेडिओ फुकट करून दिला. मग तू बाजारातून एक अडॅप्टर आणलास, त्यानं सांध्यांच्या कॉइली जाळल्या. मग म्हणे तू सांधे हातानं सरकवायला लागलास, पडद्याआडून बोटं घालून. दर गणपतीत मी एक दिवस येऊन गर्दीत उभी राहायचे, तुझे दिवे मंद झालेले बघायचे आणि आईला भेटून परतायचे. आई होती तोवर तीही एवढंच म्हणायची, "दोघंही माझ्यावर गेलात, हट्टी."

एकदा वहिनीनं निरोप आणला. "पेटी द्या म्हणतात."

"स्वतः मागू दे. आणि कोणी केली ते सांगू दे."

निरोप परत आला नाही. तू आलास. भाऊबीजेच्या दिवशी. माझ्या दुकानासमोर यष्टीस्टँडच्या बाजूला चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर येऊन बसलास. चहा घेतलास. दुसरा घेतलास. मी आत टीव्हीचं मागचं झाकण उघडून बसले होते, टीव्हीसमोर ठेवलेल्या आरशात तू मला दिसत होतास. घरी ओवाळणीचं ताट तयार होतं. तू रस्ता ओलांडला असतास तर काय झालं असतं मला माहीत नाही. कदाचित मी पेटी दिली असती. कदाचित तुझ्या तोंडावर शटर ओढलं असतं. तू महाडची गाडी आली तशी उठलास आणि चढलास. मी सोल्डर करत राहिले. त्या दिवशी केलेला एकही जोड नीट बसला नाही, सगळे परत काढावे लागले. हेही तुझ्याच खात्यावर.

मधल्या काळात खरी रेल्वे आली, वीरला थांबायला लागली, तिचे दिवे आणि तिचे सिग्नल गाडी थांबली तरी पेटलेले राहायला लागले. तेव्हा तरी तुला माझी आठवण आली होती का? हे विचारायचं होतं. विचारू विचारू म्हणता तू गेलास. दुकानात वह्यांचा गठ्ठा वरच्या फळीवर ठेवताना छातीत कळ आली, बसलास आणि गेलास. एवढी घाई कसली होती? मी अजून काहीच बोलले नव्हते. तू हरलास हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, तू चक्क निसटून गेलास.

तेरावं झाल्यावर बापूकाका घरी आले. ते अजूनही मंडळाचे अध्यक्ष. वहिनी आत होती, मी ओसरीवर.

"नलू, यंदा देखावा सुधाकरचाच करायचा. त्याचा फोटो, हार, आणि त्याची रेल्वे. पूर्वीसारखी, सगळे दिवे पेटलेले. तेवढी तुझी पेटी आण."

"आणते. पण विजेचं काम कोणी केलं ते पाटीवर येईल. माईकवरून बोललं जाईल. आणि पेटीजवळ पडदा असणार नाही."

त्यांनी डोक्याला हात लावला. "अगं, वारलेल्या माणसाला खोटं पाडायचं? त्या गृहस्थांना शाल दिली होती आपण. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्यात."

"मग आता परत वाजवा."

आतून वहिनी बाहेर आली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "नलूताई, माणूस गेलं. अजून पाटीच पाहिजे तुम्हाला?"

मी हो म्हटलं. तिला लागलं, मला दिसलं. तरी हो म्हटलं.

मग मी तिला एक विचारलं. त्या विचारण्यात मला काय हवं होतं ते तुला कळेल. "वहिनी, तो तुमच्याजवळ कधी काही बोलला? माझ्या पेटीबद्दल?"

"बोलले होते. गेल्या दिवाळीत."

मी उठून तिच्याजवळ गेले.

"म्हणाले, आता नाव घेतलं तर एवढी वर्षं खोटं बोललो असं होईल. आणि नलू काही तेवढ्यावर थांबायची नाही, गावभर डंका पिटेल."

"बरोबर म्हणाला," मी म्हटलं. आणि तशा त्या सुतकी घरात आम्हा दोघींना हसू आवरेना. बापूकाका पिशवी उचलून निघून गेले.

ते गेल्यावर वहिनी मला माडीवर घेऊन गेली. फळ्यांवर जुनी धोतरं झाकलेली होती, ती तिनं काढली. इतक्या वर्षांत मी गर्दीतून लांबून बघत होते, जवळून बघितलं नव्हतं. फलाटावर माणसं होती. डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, घोंगडं घेतलेला धनगर, सामानाच्या ट्रंकेवर बसलेली गरोदर बाई. तिळाएवढी तोंडं, आणि प्रत्येक तोंड निराळं. डोंगरावर सुकलेलं गवत, पाण्याच्या वाटा, कापड्याच्या बाजूला असतात तशी भाताची खाचरं.

"हे कोणी केलं असं वाटतं?" वहिनीनं विचारलं.

"दादानं. सगळे तेच म्हणतात."

"बारीक कामाला त्यांचा हात थरथरायचा. तुमच्या लग्नानंतर मी या घरात आले, तेव्हा त्यांचे जुने डोंगर ढासळले होते. गोणपाटं भिजवून हे डोंगर मी केले. माणसं मी केली, उदबत्तीच्या काड्यांवर. लग्न झाल्यापासून करते. दुपारची भांडी झाली की वर येऊन बसायचे."

तुझ्या डोंगरांचं कौतुक मीही केलं होतं, दादा. तुझा राग आला की स्वतःशी म्हणायचे, डोंगर मात्र त्यानं छान केलेत.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं?"

"राग नाही आला?"

"आला की." तिनं एका झाडावरची धूळ फुंकली. "तुम्हाला पेटी उचलून नेता आली. मी डोंगर कसा उचलणार?"

त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुला काय केलं असतं ते देवालाच ठाऊक. माझ्या एकटीच्या वाट्याचा होता तोवर माझा राग जरा थकला होता. आता त्याला जोडीदारीण मिळाली.

तिथेच आम्ही ठरवलं. पाटी वहिनी रंगवणार. मी म्हटलं, तुझ्या नावाच्या जागी 'मुंबईचे एक मित्र' असं लिहू. वहिनी म्हणाली, "नाही. रूळ त्यांनी टाकलेत. वेडही त्यांचंच. नाव येईल." थोडा विचार करून म्हणाली, "शेवटी येईल."

बापूकाकांनी पाटी बघून दोन दिवस तोंड फिरवलं. पण पेटीशिवाय दिवे नाहीत आणि वहिनीशिवाय गाडी नाही, करतात काय? मी पेटी उघडली. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. कपॅसिटर वाळले होते, ते बदलले. जळलेल्या कॉइली नव्यानं गुंडाळल्या. तू रुळाला जोडलेली एकेक तार मी कापून काढली, आणि प्रत्येक तार कापताना तुला एकेक शिवी दिली. वहिनी शेजारी बसून कोळिणीचं लुगडं नव्यानं रंगवत होती. तिनं एकदाही मला गप्प केलं नाही.

काल आरतीनंतर माईक माझ्या हातात होता. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. एवढंच म्हटलं, "या रेल्वेचे डोंगर आणि माणसं माझ्या वहिनीनं केली. वीज मी दिली, पहिल्या वर्षापासून. गाडी माझ्या दादाची." टाळ्या फार वाजल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग मागून कोणी तरी म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "मंग ती शाल कुनाला दिलेली व्हती?"

आणि सगळी गल्ली हसली, दादा. तुझ्यावर हसली. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर. बापूकाकासुद्धा रुमालात तोंड घालून हसले. वहिनी हसता हसता रडली. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते मिळालं, पुरेपूर मिळालं, आणि मला ते गोड लागलं. मी पश्चात्ताप बिश्चात्ताप काही करणार नाही.

मग वहिनीनं कंट्रोलर हातात घेतला. गाडी बोगद्यातून निघाली, पुलावरून आली, मी बटण दाबलं, सांधा सरकला, फाटक पडलं, स्टेशन उजळलं. गाडी हळू होत होत फलाटाला लागून उभी राहिली. एकही दिवा हलला नाही. मी मान वर करून फळीच्या त्या टोकाला बघितलं, जिथे तू उभा राहायचास, तुझं तोंड कसं झालंय ते बघायला. तिथे लोकच उभे होते, अनोळखी, पोरांना खांद्यावर घेतलेले.

यात मात्र तू मला फसवलंस. सूड घ्यायचा तर माणूस बघायला तरी पाहिजे.

पाटी अनंत चतुर्दशीपर्यंत तशीच राहणार आहे. नंतर ती माडीवर लागेल, भिंतीवर, पुराचं पाणी पोचणार नाही इतक्या वर. पहिलं नाव वहिनीचं, दुसरं माझं. तुझं तिसरं, जरा बारीक अक्षरात, जागा उरली नाही म्हणून. वहिनीनं जागा मुद्दाम उरवली नाही असं तुला वाटत असेल.

असेलही. पटत नसेल तर ये, आणि भांड माझ्याशी.

तुझी
नलू